दवंडी न झालेला कायदा

मुकुंदवाडीच्या आमच्या खोलीमागून रेल्वेचे रूळ जात. खोली म्हणजे पत्र्याखालची एवढीशी जागा, पण आईने मधोमध जुन्या लुगड्याचा पडदा लावून तिचे दोन भाग केले होते. कुणी आलं की ‘बैठकीत बसा’ असं ती अशा ठसक्यात सांगायची की माणूस आपोआप पाय आवरून बसायचा. पडद्याच्या अलीकडे भिंतीवर दोन तसबिरी, त्यांच्याखाली माझी पुस्तकं, आणि पुस्तकांना घरातल्या कुणीही पाय लावायचा नाही असा दंडक. पलीकडे चूल, पाणी भरलेली भांडी आणि येसराचा डबा. उन्हाळ्यात आई वर्षाचं येसर भाजायची. आधी धान्यं, मग धणे, मग मिरच्या, आणि मिरच्या तव्यावर पडल्या की सगळी गल्ली खोकत बाहेर यायची. त्या येसराची आमटी आणि ज्वारीची भाकरी हेच आमचं रात्रंदिवसाचं जेवण होतं. उतारवयात माणूस आठवणी गोड करून सांगतो म्हणतात. मला ते जमणार नाही, माझा स्वभावच आंबट आहे. पण ती आमटी चांगली व्हायची, एवढं खरं.

अण्णा, म्हणजे माझे वडील, चिकलठाण्याच्या एका कंपनीत हेल्पर होते. सकाळी सायकलच्या हँडलला डबा अडकवून जायचे आणि संध्याकाळी हातांना ऑइलचा वास घेऊन यायचे. फार बोलायचे नाहीत. मी बी. ए. होऊन लॉला प्रवेश घेतला तेव्हा त्यांनी माझं जाडजूड पुस्तक शेजारच्या चार घरांत दाखवून आणलं. इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं, त्यामुळे एकदा उलटं धरूनही दाखवलं. मी हसले, तसे म्हणाले, “वजन तर तेवढंच हाय ना?” असा माणूस. पण एका बाबतीत मात्र त्यांच्याशी कुणी थट्टा करायची नाही. आमचं गाव, गावातलं आमच्या घराकडे पिढ्यान्‌पिढ्या आलेलं काम आणि ती हलगी, यांचं नाव काढलं की अण्णांचा चेहरा बंद व्हायचा. धम्माची दीक्षा घेतली त्या वर्षी त्यांनी गाव सोडलं होतं. माझं नाव सुजाता ठेवलं तेही त्याच हिमतीवर.

गावाचं नाव मी लिहीत नाही. देवगाव रंगारीच्या अलीकडे एका फाट्यावर उतरून आत चालत जावं लागतं, एवढं पुरे. तिथे माझा आजा राहायचा, केरबा. आजी गेल्यावर एकटाच. अण्णा कितीदा म्हणाले शहरात ये, पण दोन मुक्काम झाले की आज्याला गावाची ओढ लागायची. सुगी झाली की यायचा. खांद्यावर ज्वारीचं गाठोडं, हातात काठी, डोक्याला मळका पटका. आमच्याकडे असला की दिवसभर दारात बसून रुळांकडे बघायचा. गाडीने शिट्टी दिली की मान हलवून म्हणायचा, “ऐकलं गं बाई, ऐकलं.” प्रत्येक गाडीला. आई पडद्याआड तोंडाला पदर लावून हसायची.

त्या ‘ऐकलं’मागे आमच्या गावची एक रीत होती. सरकारी हुकूम आला की तो हलगी वाजवून गावाला ऐकवायचा हे आमच्या घराचं काम. पार, चावडी, पाणवठा आणि शेवटी मोठ्या घराची पायरी अशा चार ठिकाणी दवंडी द्यायची. प्रत्येक ठिकाणी दवंडी झाली की तिथल्या एकाने तरी ‘ऐकलं’ म्हणायचं. तोवर आज्याने जागचं हलायचं नाही. ‘ऐकलं’ आल्याशिवाय दवंडी लागू होत नाही, असा त्याचा हिशेब. निजामाच्या अमलात त्याने कितीतरी हुकूम असे ऐकवले होते. निजामाचा हाली रुपया बंद झाला ती दवंडी त्यानेच दिली होती, आणि ती गोष्ट तो फार रंगवून सांगायचा. “सकाळी म्या बोललो, हाली सिक्का मन्सूख. दुपारपातूर दुकानदार हाली घेईना. काल त्याच रुपयाला लोक जीव देत व्हते. म्या बोललो आन्‌ तो मेला.” सांगताना त्याची मान ताठ व्हायची. रद्द झालेल्या हुकमाला निजामाच्या मुलखात मन्सूख म्हणत, आणि आज्याला लिहितावाचता येत नसलं तरी हा शब्द तो अगदी स्वच्छ उच्चारायचा.

आमच्या घराचं दुसरं काम सांगाव्याचं. मोठ्या घरात, म्हणजे गावच्या जमीनदारांच्या घरात, कुणी वारलं की त्यांच्या सोयऱ्यांना ती बातमी चालत जाऊन सांगायची. सोयऱ्याच्या उंबऱ्याबाहेर उभं राहायचं, पायातलं काढून हातात घ्यायचं, खाली बघत बोलायचं. मग ते लोक लांबून भाकरी टाकायचे आणि वरून पाणी ओतायचे. ऊन असो, पाऊस असो, ‘नाही’ हा शब्द नव्हता. या सगळ्याला वतन म्हणत, आणि ते वतन सरकारने कायदा करून कधीच संपवलं होतं. पण गावात ते चालूच होतं, कारण आजा ते करत होता. तो का करत होता ते मला फार उशिरा कळलं. अण्णा दरवेळी सांगायचे, “बा, ते बंद झालं.” आजा म्हणायचा, “तू म्हणतो बंद. सरकार कवा म्हणलं?” अण्णांना वाटे म्हातारा भितो. आईला वाटे म्हाताऱ्याला सवय झाली आहे. मला वाटे, अडाणी आहे.

लॉ कॉलेजात आम्हाला सिद्दिकी सर नावाचे एक जुने प्राध्यापक होते. त्यांची वकिली उर्दूतून सुरू झालेली, शिकवायचे इंग्रजीतून, आणि रंगात आले की मराठी-दखनीची मिसळ करायचे. एके दिवशी त्यांनी फळ्यावर एक इंग्रजी शब्द लिहिला, ॲब्रोगेट. कायदा काढून टाकणे. म्हणाले, याच कामाला आपल्याकडे कोणकोणते शब्द आहेत सांगा. कुणी रद्द म्हणालं, कुणी रद्दबातल. मी आज्याचा मन्सूख सांगितला, तसे सर खूश झाले. म्हणाले, ‘नस्ख’पासून आला तो, आणि गंमत बघा, अरबीत नस्ख म्हणजे पुसून काढणं आणि नस्ख म्हणजे नक्कल उतरवणंही. मग त्यांनी सरकारी मराठी शब्द लिहिला, निरसन. संस्कृतात ‘अस्’ म्हणजे फेकणं, निरसन म्हणजे बाहेर फेकून देणं. शेवटी इंग्रजी शब्दाकडे वळले. “ये सबसे पुराना किस्सा आहे. रोमचे लोक. त्यांच्या भाषेत ‘रोगारे’ म्हणजे विचारणं. कायदा करायचा तर मैदानात लोक जमवायचे आणि विचारायचं, हे तुम्हाला मंजूर का? आणि कायदा हटाना है, तरी पुन्हा तेच. लोकांना पुन्हा विचारायचं, हे आता काढू का? ‘ॲब’ म्हणजे दूर. विचारून दूर करणं, ये हुआ ॲब्रोगेट.”

मी विचारलं, “सर, आणि लोकांना विचारलंच नाही तर?”

सरांनी खडू खाली ठेवला. “कागज पर हट जाता है, बेटी. बाकी लोकांचं लोकांना ठाऊक.” मग घंटा झाली.

त्या आठवड्यात आजा आलेला होता. मी उत्साहाने ग्रंथालयातून वतनांच्या कायद्याची मराठी प्रत आणली आणि जेवताना त्याला वाचून दाखवलं की तुझं काम सरकारने निरसित केलं आहे. निरसित म्हणजे मन्सूख. आज्याने घास हातात धरला. म्हणाला, “मन्सूख झालं? दवंडी कवा झाली?” मी मोठ्याने हसले. अण्णा मात्र हसले नाहीत. ते ताटाकडे बघत राहिले, आणि आईने आज्याच्या वाटीत न विचारता आमटी वाढली.

पुढच्या वैशाखातली गोष्ट. सकाळी अण्णा कामाला निघण्याच्या बेतात असताना गल्लीच्या तोंडाशी जीप थांबली आणि तात्या आले. तात्या म्हणजे मोठ्या घरचा मधला मुलगा. शहरात औषधांचं दुकान, पांढरे कपडे, शिकलेला माणूस. आई ‘बैठकीत बसा’ म्हणाली, पण ते उंबऱ्याच्या आत आले नाहीत. म्हणाले, “आई गेली पहाटं. दुकानात फोन आला. मी गावाकडंच निघालोय.”

अण्णा म्हणाले, “वाईट झालं.” आणि ते त्यांनी मनापासून म्हटलं, मला ऐकू आलं.

“सोनाआक्काला सांगावा जायला पाहिजे. केरबाचे पाय सुजलेत. तो म्हणतो मी जातो, पण वाटेतच पडायचा तो. तू जाऊन ये. गंगापूरची एसटी मिळंल, भाडं मी देतो.”

सोनाबाई ही त्यांची थोरली बहीण. गंगापूरच्या पुढे गोदावरीच्या अंगाला दिलेली. उसाचा मुलूख.

अण्णा म्हणाले, “तुमच्याकडं जीप हाय, तात्या. वाकडी वाट करून तुम्हीच जा. दुपारी बहिणीला घेऊनच गावात पोचाल.”

“घरच्यानं मयतीचा सांगावा न्यायचा नसतो. अशुभ असतं. तुला ठाऊक नाही का?”

“मला ठाऊक हाय. म्हणूनच म्या गाव सोडलं.”

तात्या काही चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी रुमालाने मान पुसली आणि म्हणाले, “ठीक आहे. मग केरबा जाईल.” आणि जीपकडे वळले.

अण्णा डबा हातात धरून तसेच उभे राहिले. त्या शेवटच्या तीन शब्दांचा अर्थ आम्हा तिघांनाही कळला होता. मागच्या वर्षी उन्हात असाच सांगावा घेऊन गेलेला आजा परतताना बांधावर पडला होता आणि एका धनगराने त्याला उचलून आणलं होतं. आता वैशाख, सुजलेले पाय आणि गंगापूरपलीकडचा पल्ला. तो निघाला तर परत येणार नव्हता. अण्णांनी डबा आईकडे दिला. मला म्हणाले, “सुजे, ते पुस्तक घे. तुला मन्सूख समजावून सांगता येतंय.” कामाचा खाडा करून आम्ही बाप-लेक एसटीत बसलो.

आजा घरापुढच्या पडवीत निघण्याच्या तयारीत बसला होता. पायांना फडकी गुंडाळलेली, खांद्यावर घोंगडी, बाजूला काठी. आम्हाला बघून त्याला आनंद झाला, आणि मग आम्ही का आलो ते लक्षात येऊन तो ओशाळला. अण्णा त्याच्यासमोर उकिडवे बसले. “बा, तू जायचं नाय.”

“आन्‌ सोनाबाईला कोण सांगल? आईचं तोंड दिसाया नको तिला?”

“त्यांची जीप हाय.”

“जीप सांगावा नेत नसती, बाबा.”

“मग राहू दे. त्यांची माय, त्यांची बहीण. आपलं काय?”

आजा म्हणाला, “ती पोरगी म्या खांद्यावर बसवून जत्रंला नेलीय.” हे तो अगदी साधेपणाने म्हणाला. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुस्तक उघडून ते कलम वाचलं. ती मराठी अशी होती की वाचताना माझीच जीभ अडखळत होती. आज्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं, “मन्सूख?”

“व्हय आज्या. मन्सूख. मी जन्मायच्या आसपासच.”

“आन्‌ दवंडी?”

या वेळी मी हसले नाही. तो माझ्याकडे खरोखरच उत्तरासाठी बघत होता. मग तो आपल्याशीच बोलावं तसं बोलला, “दवंडी द्यायचं काम मपलं. ते कामच मन्सूख केलं, तर त्याची दवंडी देणार कोण? आसं कसं केलं सरकारनं? मला एक डाव बोलवायचं व्हतं. म्या दिली असती.”

तेव्हा कळलं. म्हातारा भीत नव्हता, आणि ती सवयही नव्हती. इतकी वर्षं तो हुकमाची वाट बघत होता. त्याच्या लेखी जे गावासमोर मोडलं गेलं नाही ते मोडलंच नव्हतं, आणि जोवर मोडलं नव्हतं तोवर ते करणं त्याला भाग होतं. सिद्दिकी सरांचे रोमचे लोक मला त्या पडवीत आठवले, आणि मला रडू येईल असं वाटलं. राग इतका आला होता की रडू आलं नाही.

आणि अण्णा, ज्यांच्या घरात हलगीचं नाव काढायची चोरी होती ते अण्णा, उठले. आढ्याला टांगलेली हलगी त्यांनी काढली, तिच्यावरची धूळ झटकली, आणि बापाच्या मांडीवर ठेवली. “दे दवंडी. तूच दे. आज दे.”

आज्याने काटक्या पेटवून हलगी शेकली. कातडं तापल्याचा तो वास मला आवडला होता, हे इथे लिहून ठेवते, कारण अण्णांसमोर मी ते कधी बोलू शकले नाही. मग आम्ही तिघे निघालो. पुढे लंगडत आजा, मागे अण्णा, त्यांच्यामागे मी पुस्तक छातीशी धरून. पारावर हलगी वाजली तेव्हा लोकांना वाटलं मयतीची बातमी ऐकवतोय. आजा खणखणीत आवाजात म्हणाला, “ऐका हो ऐका. सरकारचा हुकूम हाय. केरबाच्या घराचं गावकाम मन्सूख झालं हो. सांगावा मन्सूख, दवंडी मन्सूख, मेलं ढोर वढणं मन्सूख. आजपासून आमच्या घरचं कुणी येणार नाय हो.” आणि तो थांबला. पारावर पाचसहा जण होते. एकाने विडी विझवली. कुणी ‘ऐकलं’ म्हटलं नाही. आजा बराच वेळ थांबला, मग नाइलाजाने पुढे सरकला. चावडीवर तेच. पाणवठ्यावर बायका घागरी उचलून चालू लागल्या. दारं लागल्याचे आवाज येत होते. मी आधी नुसती घाबरले होते. चावडी ओलांडल्यावर मात्र मी अण्णांच्या अगदी पाठीला लागून चालू लागले.

मोठ्या घरापुढे तिरडीचे बांबू येऊन पडले होते. बायकांचं रडणं आत चाललं होतं ते हलगी ऐकून थांबलं. तात्या ओट्यावर आले. आज्याने त्यांच्यासमोर, पायरीखाली उभं राहून तीच दवंडी पुन्हा दिली. आवाज आता चिरकला होता, पण शब्द एकही गाळला नाही. मग तो उभा राहिला. ऊन पाठीवर, पाय थरथरताहेत, नजर दारावर. कुणीच बोलेना. अण्णांना बघवेना. ते मागून म्हणाले, “ऐकलं, बा.”

आज्याने मान न वळवता सांगितलं, “तू घरचा. घरच्याचं धरत नाय.”

तात्या म्हणाले, “झालं का तुझं, केरबा?”

“मालक, कुणी तरी ‘ऐकलं’ म्हणा.”

“आत मढं पडलंय, आणि तुला आजच सुचलं हे?”

“आज तुम्हीच बोलवलं, मालक.” त्यात उपहास नव्हता. आज्याला उपहास करताच येत नसे. “सोनाबाईला कोण सांगल?”

“तुझं मन्सूख झालं ना? मग तुला काय करायचंय?” असं म्हणून तात्या आत गेले. आज्याने हलगी गळ्यातून काढली आणि पायरीवर ठेवली. ती आम्ही परत आणली नाही, आणि आजाही त्या दिवसानंतर गावात राहिला नाही. घोंगडी, काठी, एक पातेलं आणि आजीचा आरसा एवढं घेऊन आम्ही फाट्यावर आलो.

एसटीत तो दर थांब्याला एकच विचारायचा, “सोनाबाईला कोण सांगल रं?” अण्णा खिडकीबाहेर बघत होते. शहराच्या स्टँडवर उतरलो तर शेजारच्याच फलाटावर गंगापूरची गाडी लागलेली. कंडक्टर दारात लोंबकळून गंगापूर, गंगापूर ओरडत होता. आजा थांबला. अण्णाही थांबले. त्यांनी खिशात हात घातला, इतपत मी पाहिलं. ते चढतील असं मला वाटलं, आणि चढू नयेत असंही वाटलं. मग गाडी हलली. अण्णांनी खिशातला हात रिकामाच बाहेर काढला आणि म्हणाले, “चल बा.”

या एका क्षणाचा मी आयुष्यभर खल केला आहे. अण्णा माणूस म्हणून गेले असते तर? शेजारी म्हणून, लहानपणची ओळख म्हणून? पण गावाने त्याला सांगावाच म्हटलं असतं. ‘आला बघा, केवढा मन्सूख करत होता’ असंच म्हणाले असते. कधी मला वाटतं अण्णांनी केलं तेच बरोबर, आणि कधी पहाटे जाग आली की वाटतं, त्या बाईचं काय चुकलं होतं? आता मी अण्णांच्या तेव्हाच्या वयापेक्षा कितीतरी मोठी आहे, तरी निकाल लागलेला नाही.

आठवड्याने बातमी आली. तात्यांनी कुणालाच पाठवलं नव्हतं. घरात जीप उभी, दोन पुतणे मोटारसायकलवाले, आणि तरीही नाही. ज्यांचं काम आहे ते नेत नाहीत तर सांगावा जायचा नाही, आम्ही रीत मोडणार नाही, म्हणाले. दिवस मावळायच्या आत आईला अग्नी दिला. सोनाबाईंना चौथ्या दिवशी बाजारात कुणीतरी सांत्वनाचं बोललं, तेव्हा कळलं. आज्याने हे ऐकलं आणि जेवण टाकलं. आईने लहान मुलाला भरवावं तसं त्याला आमटीत कुस्करलेली भाकरी भरवली. तो दारात बसायचा, पण गाडीच्या शिट्टीला उत्तर देईनासा झाला. अण्णा कामावरून आले की बाप-लेक एकमेकांकडे न बघता शेजारी बसून राहायचे. जे मोडायला गेलो ते आज्याच्या हिशेबाने मोडलं नव्हतंच, कारण कुणी ‘ऐकलं’ म्हणालं नव्हतं. वर एक लेक आईच्या तोंडाला मुकली होती.

आषाढात एका दुपारी रिक्षातून सोनाबाई आल्या. त्यांचा भाचा रिक्षातच बसून राहिला. उंच, वाळलेल्या बाई, डोक्यावरून पदर, पायांत चपला. आई म्हणाली, “बैठकीत बसा.” त्या उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या. आजा धडपडत उठला, भिंत धरून उभा राहिला आणि खाली बघू लागला. एवढ्या म्हाताऱ्या माझ्या आज्याला त्या एकेरीत नावाने हाक मारतात हे मला तेव्हाही टोचलं.

“केरबा,” त्या म्हणाल्या, “तू वाटंनं येताना दिसला की मी हातातलं काम टाकून उभी राहायची. तुझा पटका दिसला की म्हणायची, आता कोण गेलं? सासरी आल्यापासून तुझ्या पटक्याला भीत आले. आन्‌ या डावाला तेवढा तू आला नाय.”

“बाई, लई मोठा गुन्हा झाला.”

“गुन्ह्याचं मी इचारलं नाय. काय दवंडी दिलीस तू? आमच्या घरी सांगायला कुणी तयार नाय. तुपली हलगी अजून पायरीवर पडलीय. भिजून वाकडी झाली. कुणी हात लावत नाय, आन्‌ त्या पायरीनं कुणी जात नाय. समदे मागल्या दारानं जात्यात. एवढं काय बोललास ते मला सांग.”

आज्याने पटका सारखा केला आणि हलगीशिवाय, हळू आवाजात, पहिल्यापासून सगळी दवंडी म्हटली. सांगावा मन्सूख, दवंडी मन्सूख, मेलं ढोर ओढणं मन्सूख. ‘आमच्या घरचं कुणी येणार नाय हो’ म्हणताना त्याचा आवाज गेला. मागून मालगाडी जात होती. सोनाबाई रुळांकडे बघत होत्या. डोळ्यांना पदर लावला नाही, पाणी तसंच वाहू दिलं. गाडी गेल्यावर म्हणाल्या, “ऐकलं.”

आईने पाण्याचा पेला भरून त्यांच्यापुढे धरला. सोनाबाईंनी तो हातात घेतला. थोडा वेळ धरून ठेवला, आत पाहिलं. मग वाकून तो उंबऱ्यावर ठेवला, पदर सावरला आणि रिक्षाकडे गेल्या. आज्याला ते दिसलं नाही. तो भिंतीला टेकून खाली बसला होता आणि हसत होता. “झालं,” म्हणाला. “मन्सूख झालं.” आणि तिथेच, बसल्या जागी, त्याला झोप लागली.

पुढे माझी सगळी नोकरी कायद्यांची भाषांतरं करण्यात गेली. जुना कायदा काढणाऱ्या नव्या कायद्यात, बहुधा अगदी शेवटी, एक कलम असतं, ‘निरसन व व्यावृत्ती’. निरसन म्हणजे जुना कायदा गेला. आणि व्यावृत्ती म्हणजे तो गेला तरी त्याच्याखाली आजवर जे केलं गेलं, ते केलेलंच राहील. ही दोन्ही नेहमी एकाच कलमात, शेजारीशेजारी. शहराचं नाव बदललं, तो पत्रा गेला, तिथे आता तीन मजले आहेत, पण ते कलम लिहायला घेतलं की माझा हात अजून थांबतो.

त्या दिवशी, सोनाबाई येऊन गेल्यावर, संध्याकाळी अण्णा आले. सायकल लावायच्या आत आज्याने त्यांना गाठलं आणि सगळं सांगितलं, दोनदा सांगितलं. सोनाबाई आली, मोठ्या घरची लेक, उभं राहून ऐकलं, आणि ‘ऐकलं’ म्हणाली. अण्णांचा चेहरा इतका मोकळा मी त्याआधी कधी पाहिला नव्हता. मग त्यांची नजर उंबऱ्यावरच्या भरल्या पेल्यावर गेली. आईने तो का उचलला नव्हता कोण जाणे. त्यांनी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, “ऐकलं म्हणाल्या. तेवढं बास झालं.” ऑइलच्या हातांनीच अण्णांनी तो पेला उचलला आणि तिथे उंबऱ्यावर उभ्या उभ्या सगळं पाणी पिऊन टाकलं.